मावशी, सायकल, कुत्रा, नदी

मला इंग्रजी गाण्यांतलं काहीही कळत नाही. तरीही विलायतेतल्या पॉप गाण्यांच्या आणि विनोदी गाण्यांच्या रेकॉर्डींवर माझ्या हस्ताक्षरातले शेकडो अभिप्राय मयूर विहारच्या एका फ्लॅटमध्ये होते. प्रत्येकाखाली माझी सही, तारीख, आणि परिच्छेदांना क्रमांक. हे मी हौसेनं केलेलं नाही. खोलीसाठी केलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जळगावहून दिल्लीत आले, केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून म्हणून. नोकरदार मुलींच्या हॉस्टेलची प्रतीक्षायादी लांबलचक होती आणि तीन घरमालकांनी मला दारातूनच वाटेला लावलं होतं. "अकेली हो?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "शादी कब तक?" हा दुसरा. चौथे घरमालक मराठी निघाले. तेही सरकारी नोकरीतूनच निवृत्त झालेले. त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "नोटिंग येतं का?"

नोटिंग म्हणजे फाइलवर टिप्पणी लिहिणं. आमच्या नोकरीत दुसरं करायचं तरी काय असतं? मी म्हटलं, येतं.

"मराठीतून?"

"येईल."

"मग खोली बघून घे."

खोली जिन्यातल्या स्वतंत्र दाराची होती, खिडकी पूर्वेला, नळ आतच. मी बघताक्षणी हो म्हटलं. करार अकरा महिन्यांचा. भाडं, वीज, पाहुणे यांच्या नेहमीच्या कलमांनंतर एक कलम त्यांनी हातानं लिहिलं होतं: भाडेकरूने दर रविवारी अकरा वाजता श्रवणास हजर राहून लेखी अभिप्राय द्यावा. मला वाटलं, कीर्तन वगैरे असेल.

सही झाल्यावर घरमालकांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मला स्वयंपाकघरात बोलावून सावध केलं. "आधीचा मुलगा बँकेत होता. चांगला होता गं. पण प्रत्येक रेकॉर्डवर 'छान आहे' एवढंच लिहायचा. अकरा महिने झाल्यावर करार वाढवला नाही यांनी. म्हणाले, या माणसाला मतच नाही."

म्हणजे खोली टिकवायची तर मत पाहिजे, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. कशावर, ते रविवारी कळलं.

त्या रेकॉर्डींची कथा अशी. दूतावासातली गोरी कुटुंबं बदली झाली की घरातलं सामान विकून जातात. निवृत्तीनंतर काका अशा एका विक्रीला चाणक्यपुरीत गेले होते, फ्रीज बघायला. फ्रीज आधीच विकला गेला होता. बाईसाहेबांनी रेकॉर्ड प्लेअर चालतो की नाही हे दाखवायला एक रेकॉर्ड लावली, आणि खोकी बांधत असलेलं अख्खं घर हसायला लागलं. बाई हसल्या, साहेब हसले, मुलं जमिनीवर लोळली. काका हातात छत्री धरून मधोमध उभे होते.

"पंधरा मिनिटं," ते सांगायचे, "पंधरा मिनिटं मी उभा होतो. काय झालंय हे मला एकानंही सांगितलं नाही."

"रेकॉर्डवर काय होतं, ते नाही का ऐकलं तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"हसण्यापुढं ऐकू आलं तर ना!"

त्यांनी प्लेअर घेतला आणि सोबत तेवीस रेकॉर्डींचं अख्खं खोकं घेतलं. लोक कशावर हसले, याची चौकशी पूर्ण केल्याशिवाय हा माणूस स्वस्थ बसणार नव्हता. छत्तीस वर्षं त्यांनी सरकारात चौकशाच केल्या होत्या. त्यांनी प्रत्येक रेकॉर्डची एक फाइल उघडली आणि समिती नेमली.

समितीत काका सोडून तिघं. एक निवृत्त सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे, कॅन्टोन्मेंटमधून निवृत्त होऊन आमच्याच सोसायटीत सुरक्षेचं काम बघायचे. दुसऱ्या बाई, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या, काकूंच्या मैत्रीण. तिसरी मी. काका पाहुण्यांना माझी ओळख "आमची डीलिंग हँड" अशी करून द्यायचे, म्हणजे प्रकरण पहिल्यांदा जिच्या टेबलावर येतं ती.

रविवारी काका इस्त्रीची पँट, बुशशर्ट आणि खिशाला पेन लावून बसायचे. रेकॉर्डला हात फक्त त्यांनी लावायचा, तोही चपला काढून. एक बाजू संपली की चहा, दुसरी संपली की फाइल. बोलायचं नाही. "आधी ऐका, मग लिहा, मग बोला," हे त्यांचं एक वाक्य. दुसरं वाक्य जास्त वेळा यायचं: "फाइलवर नाही ते घडलंच नाही." दूधवाल्यानं पाणी घातल्याची तक्रार काकूंनी केली, तरी हेच.

टिप्पणीचा क्रम ऑफिसचाच. सर्वांत कनिष्ठानं आधी लिहायचं, मग वरच्यानं. म्हणजे आधी मी, मग बाई, मग सुभेदार. एक बंदी होती. 'सहमत' हा शब्द लिहायचा नाही.

"का हो?" सुभेदारांनी विचारलं होतं. "सोपा शबुद हाये."

"म्हणूनच. छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मजकुराखाली सहमत लिहिलं, सुभेदार. पळवाट आहे ती. या घरात नाही."

त्यामुळे सुभेदार लिहायचे, "वरील मजकूर बरोबर वाटतो." काका स्वतःचं मत कधीच लिहायचे नाहीत. सगळ्यांच्या खाली फक्त "पाहिले" आणि सही.

मी काय लिहायचे? जे सुचेल ते. एका पॉप गायकावर मी लिहिलं होतं, "गायक एकच गोष्ट अकरा वेळा सांगतो. पूर्वीच्या पत्राचं उत्तर न आल्यामुळे पाठवलेल्या स्मरणपत्रासारखं वाटतं." बाईंनी लिहिलं, "गाण्यात तू आणि मी सोडून तिसरं माणूस येत नाही. आईवडील कुठे आहेत, हे कळत नाही." सुभेदारांनी चार पोरांच्या एका बँडवर स्वतःहून लिहिलेली ओळ मला अजून पाठ आहे: "पोरं दमाची आहेत, पण कवायत कच्ची." काकूंचं मत स्वयंपाकघरातून यायचं, "बंद करा ते, वरण उतू गेलं," आणि फाइलवर नसल्यामुळे ते घडलेलं नसायचं.

तेवीस रेकॉर्डींत दोन खास होत्या.

पहिलीच्या कव्हरवर एक बाई समुद्राकडे बघत उभी होती. आत एक पुरुष, सर्दी झाल्यासारख्या आवाजात, पियानोवर हळूहळू गायचा. त्याच्या एका लांबलचक गाण्यातले आम्हा सगळ्यांना मिळून चार शब्द कळले: मावशी, सायकल, कुत्रा आणि शेवटी नदी. बाईंनी ते चार शब्द जोडले. मावशी सायकलवरून निघाली, नदीत पडली, आणि कुत्रा काठावर वाट बघत राहिला. दुसऱ्या खेपेला गाणं लागलं तेव्हा बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी टिप्पणीत "अत्यंत गंभीर, मन हेलावणारी" असं लिहिलं. बाईंनी खाली लिहिलं, "कुत्र्याचं पुढे काय झालं असेल?" सुभेदारांना मजकूर बरोबर वाटला.

दुसरीच्या कव्हरवर डोक्यावर कुंडी घेतलेला एक माणूस डोळे तिरळे करून बघत होता. हे कव्हर काकांनी त्या विक्रीच्या दिवशी प्लेअरशेजारीच पाहिलं होतं. तेव्हा अख्खं घर हसलं ती रेकॉर्ड हीच, याबद्दल त्यांना शंका नव्हती. आत एक टोळकं जोरजोरात गात होतं आणि मागे शेकडो मुली किंचाळत होत्या. इतक्या मुली एवढ्या जोरात हसताहेत म्हणजे विनोद मोठाच असणार, असं आम्ही धरून चाललो. त्या किंचाळल्या की आम्ही हसायचो. मी खोलीसाठी हसायचे, सुभेदार शिस्तीत हसायचे. पण काका खरंच हसायचे. आवाज नाही, नुसते खांदे हलायचे, आणि मग चष्मा काढून पुसायचे. ही रेकॉर्ड महिन्यातून एकदा तरी लागायची. माझी टिप्पणी: "संग्रहातील सर्वांत विनोदी."

असे दहा महिने गेले. दिवाळीच्या तोंडावर काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डावा डोळा तसाही अंधुकच होता. डोळ्यावर पट्टी, वाकायला बंदी, वाचायला बंदी. तरी रविवारी अकराला खुर्चीत हजर.

"आज तू लाव," ते मला म्हणाले. "कडा धरायच्या फक्त. आधी मावशीची."

मी समुद्रवाल्या बाईच्या कव्हरातून रेकॉर्ड काढली. कागद समोर आला की वाचायचा, ही आमची सवयच. रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर बारीक चंदेरी अक्षरात छापलं होतं, आणि तेवढं इंग्रजी मला येत होतं: विनोदी गाणी. खाली छापलेलं नाव कुंडीवाल्याच्या कव्हरावरचं. मी तशीच रेकॉर्ड लावली. बाईंनी नेहमीसारखा पदर डोळ्यांना लावला. मग मी कुंडीच्या कव्हरातली काढली. तिच्यावर एका बँडचं नाव आणि पॉप गाण्यांचा जाहीर कार्यक्रम असं छापलेलं. म्हणजे मुली हसत नव्हत्या. आवडत्या गाणाऱ्यांना बघून किंचाळत होत्या.

चहाच्या वेळात उरलेल्या रेकॉर्डी नीट लावण्याच्या निमित्तानं मी सगळी कव्हरं तपासली. तेवीसपैकी नऊ चुकीच्या कव्हरात होत्या. त्या गोऱ्या मुलांनी खोकं भरताना कशीही कोंबली असणार. काकांनी फायली कव्हरावरून उघडल्या होत्या आणि ते बारीक अक्षर त्यांच्या डोळ्याला दिसणं शक्यच नव्हतं. ज्या तिघांना दिसलं असतं, त्यांना हात लावायची परवानगी नव्हती.

मी काकूंना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "बोलू नकोस."

"काकू, चूक आहे ती."

"असू दे. लग्नाला अडतीस वर्षं झाली. हा माणूस हसतो हे मला त्या किंचाळणाऱ्या पोरींनी दाखवलं. तुझं काय जातं?"

माझी खोली जात होती. मी हिशेब सरळ केला. करार संपायला बारा दिवस होते. पट्टी सुटायला नऊ. पट्टी सुटली की काकांना त्या डोळ्यानं कित्येक वर्षांत पहिल्यांदा स्पष्ट दिसणार, आणि ते पहिल्यांदा काय बघणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. मग ते फाइल काढणार. त्या रविवारी रेकॉर्ड कुणी हाताळली? डीलिंग हँडनं. तिनं कळवलं का? नाही. आधीच्या मुलाला निदान मत नव्हतं. मी तर माहिती दडवली, असं ठरलं असतं. सांगितलं तरी धोका होता, कारण आजवरचं सगळं काम पाण्यात गेलं हे ऐकून घरमालक खूश होत नाही. पण सांगितलेलं बरं.

मंगळवारी ऑफिसातून येऊन मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "काका, रेकॉर्डींत एक गडबड आहे."

"फाइलवर आण."

मी एका ओळीत लिहून आणलं. काकांना वाचता येत नव्हतं, म्हणून काकूंनाच ते मोठ्यानं वाचून दाखवावं लागलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की पुढचे चार दिवस मी त्यांच्याकडे ताक मागायला गेले नाही. पण वाचलं जसंच्या तसं: तेवीसपैकी नऊ रेकॉर्डी चुकीच्या कव्हरात असून मावशीची रेकॉर्ड विनोदी व किंचाळणाऱ्या मुलींची रेकॉर्ड पॉप गाण्यांची असल्याचे आढळून आले आहे.

काकांनी कागद हातात मागून घेतला. मग म्हणाले, "मग त्या दिवशी ते हसले ते मावशीवर?"

"तसंच असावं."

"ती बुडते त्यावर?"

 मला चारच शब्द कळत होते.

"रविवारी फेरश्रवण," ते म्हणाले. कराराचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही. बुधवारी मी ऑफिसच्या बोर्डावर खोल्यांच्या चिठ्ठ्या वाचायला सुरुवात केली.

रविवारी समिती बसली. पट्टी अजून होती. काकांनी उभं राहून सांगितलं, "एक दुरुस्ती आहे. आपण ज्यावर रडलो ते विनोदी आहे. ज्यावर हसलो ते विनोदी नाही. त्याप्रमाणे ऐकावं."

मावशी सायकलवरून निघाली. सुभेदारांनी आज्ञा पाळली. "हा!" ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं पुन्हा, "हा!"

बाई भडकल्या. "काय हसताय सुभेदार? बाईमाणूस बुडतंय!"

"इनोदी हाये म्हनं, बाई. हुकूम हाये."

"असला कसला विनोद? आणि तो कुत्रा?"

"इंग्रज आसाच आस्तो. आमचं जुनं उस्ताद सांगायचं, गोरा सायेब घोड्यावरनं पडला की दुसरा गोरा आधी हसतो, मग उचलतो."

"मग मावशीला उचललं का कुणी? नाही ना?" बाईंनी पदर डोळ्यांना लावला तो लावलाच. काका ताठ बसून होते, मान तिरपी करून, पट्टी नसलेल्या बाजूचा कान पुढे करून. ते हसायचा प्रयत्न करताहेत हे दिसत होतं. ओठ ताणले जायचे आणि परत यायचे. गाणं नदीपाशी संपलं. कोणी हसलं नाही.

"आता दुसरी," ते म्हणाले. "गंभीरपणे."

मी किंचाळणाऱ्या मुली लावल्या. काकांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले. पहिली किंचाळी आली. ते खाली बघत राहिले. दुसरी आली. सुभेदार खाकरले. तिसरीला काकांचे खांदे हलायला लागले. त्यांनी दाबलं, तोंडासमोर रुमाल धरला, तरी खांदे थांबेनात. पट्टीखालून पाणी आलं. काकू झारा हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "डोळा! डोळा सांभाळा!" त्या ओरडल्या. तेवढ्यात बाईही हसायला लागल्या, आणि मला कळलं की मीही हसते आहे. खोलीसाठी नव्हे, खोली तर गेल्यातच जमा होती. मुली गाणं ऐकूच देत नव्हत्या आणि तरी ते टोळकं जिवाच्या आकांतानं गात होतं, एवढं एकच कारण मला सापडलं. ते पुरेसं आहे की नाही, माहीत नाही.

रेकॉर्ड संपली. काकांनी फाइल माझ्याकडे ढकलली. कनिष्ठ आधी.

मी लिहिलं:

१. कव्हरे व रेकॉर्डी यांत तफावत आहे, हे खरे आहे.

२. खरे काय ते समजल्यावर पुन्हा ऐकूनही अधोस्वाक्षरीकाराचे मत बदललेले नाही. विनोदी म्हणतात ती रेकॉर्ड दुःखी वाटते व दुसरी ऐकून हसू येते. मत दुरुस्त करावे की कव्हर, याबाबत आदेश व्हावेत.

३. खोलीचा करार शुक्रवारी संपत आहे. तो वाढवून मिळावा.

बाईंनी काही लिहिलं नाही, नुसती सही केली. सुभेदारांना मजकूर बरोबर वाटला. काका फाइल घेऊन आत गेले. सोमवार गेला, मंगळवारी पट्टी सुटली, काळा चष्मा आला. गुरुवारपर्यंत फाइल आतच. मी एका सहकारी मुलीबरोबर लक्ष्मीनगरला दोघींत एक खोली बघून आले. नळ बाहेर होता.

शुक्रवारी सकाळी काकांनी बोलावलं. टेबलावर नवीन करार होता, अकरा महिन्यांचा, सही झालेला. हातानं लिहिलेलं कलम जसंच्या तसं. शेजारी फाइल उघडी. माझ्या टिप्पणीखाली, सगळ्या सह्यांच्या खाली, नव्या डोळ्यानं लिहिलेलं मोठं, ओळीबाहेर गेलेलं अक्षर होतं:

सहमत.

मी दोनदा वाचलं. "काका, हा शब्द तर..."

"माहीत आहे मला."

"पण तीन परिच्छेद आहेत. नेमकं कशाशी सहमत?"

त्यांनी चष्मा वर केला. लाल, ओला डोळा माझ्याकडे रोखला. "खोली हवी आहे ना तुला?"

"हो."

"मग जा. पावणेआठला पाणी जातं."

मी वर जाऊन बादल्या भरल्या. त्या खोलीत पुढे सहा वर्षं राहिले. रेकॉर्डी आहेत त्याच कव्हरांत राहिल्या, बाई रडायच्या तिथेच रडल्या, आणि महिन्यातून एकदा काकांचे खांदे हलत राहिले. आता मी स्वतः सेक्शन ऑफिसर आहे आणि दिवसातून वीसेक वेळा फायलींवर सहमत लिहिते. माझ्याखालची पोरं कधी विचारत नाहीत, नेमकं कशाशी. विचारलं तर मी पाण्याची वेळ सांगेन.